संगणकाच्या स्मृतींतील राखीव जागा



गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या संगणकखोलींत एक लहानसा वाद उपस्थित झाला. नव्यानें आणलेल्या संगणकांच्या खोक्यांवर स्मृतीचें माप ८ गिगाबाइट असें छापलेलें होतें. नववीच्या मुलांनीं एक यंत्र सुरू करून पाहिलें, तों पडद्यावर ७.६ च्या आसपासचा आंकडा उमटला. दुसरें यंत्र पाहिलें, तिसरें पाहिलें. सर्वत्र तोच प्रकार. "सर, दुकानदारानें मापांत मारलें!" असा एकच गिल्ला झाला. ज्यांचे वडील मिरचीच्या बाजारांत माल घेऊन जातात, त्यांना मापांतील लबाडी ठाऊक असते. तेव्हां त्यांचा संशय अगदींच अस्थानीं होता असें मी म्हणणार नाहीं. मागच्या बाकावरील एका मुलीनें मात्र शांतपणें विचारलें, "सर, पण ती जागा गेली कोठें?"

पहिलें वाक्य आरोपाचें होतें, दुसरें जिज्ञासेचें. आरोप खरा कीं खोटा हें ठरविण्यासही जिज्ञासेच्याच वाटेनें जावें लागतें. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर ह्या लेखांत यथाशक्ति देण्याचें योजिलें आहे.

स्मृति आणि तिचे क्रमांक

संगणकाची चालू स्मृति, जिला आपण रॅम म्हणतों, ती लहान लहान खणांची एक अतिशय लांब ओळ आहे असें समजा. प्रत्येक खणांत एक बाइट मावतो आणि प्रत्येक खणास स्वतःचा क्रमांक असतो. गांवच्या प्रत्येक शेतास जसा गट नंबर असतो व त्यावरूनच तलाठी सातबारा काढून देतो, तसाच हा प्रकार होय. खणाचा क्रमांक सांगितल्यावांचून तेथें कांहीं लिहितां येत नाहीं, व तेथील कांहीं वाचतांही येत नाहीं.

वीज गेली कीं ही स्मृति कोरी होते. मग सकाळीं कळ दाबल्याबरोबर यंत्रास पहिलें काम कोण सांगतो? तें सांगणारी एक छोटी आज्ञावली मुख्य पाटीवरील एका चिपमध्यें कायम लिहून ठेवलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत तिचें नांव बायोस, नव्यांत युईएफआय. आपल्या शाळेंत आहेत त्या जातीच्या यंत्रांत प्रोसेसर जागा होतांच ४ गिगाबाइटच्या सीमेच्या बरोबर १६ खण अलीकडील क्रमांकावर जातो व तेथील पहिली आज्ञा वाचतो. ती आज्ञा फर्मवेअरची असते. फर्मवेअर रॅम वापरण्याजोगी करतें, कळफलक व डिस्क ह्यांची ओळख पटवितें, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल हुडकण्याची व्यवस्था करतें आणि कारभार त्याच्या हातीं सोंपवितें.

परंतु कारभार सोंपविला म्हणजे फर्मवेअर घर सोडून गेलें असें मात्र नव्हे. मालक घर भाड्यानें देतो, पण एक खोली स्वतःच्या सामानासाठीं कुलूप लावून ठेवतो. तशी त्याची रीत आहे. यंत्रानें झोंपावें कसें, उठावें कसें, पंखा केव्हां फिरवावा, ह्याचे तक्ते तें रॅममध्यें मांडून ठेवतें. त्यांस एसीपीआय तक्ते म्हणतात. घड्याळ वाचणें, पुढील वेळीं कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावें हें लक्षांत ठेवणें, अशा सेवा त्याला मागाहूनही पुरवाव्या लागतात. त्या सेवांच्या आज्ञा रॅममध्येंच असतात. पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या भागास वेगळी स्मृति नसेल तर त्याचाही वांटा ह्याच रॅममधून काढून दिलेला असतो. ह्या जागा कर्नलनें रिकाम्या समजून वापरल्या तर दोघांचाही घात होतो.

बियाण्याची कणगी

आपल्याकडे खळें झाल्यावर शेतकरी काय करतो तें आठवा. धान्य घरीं येतांच तो पुढील पेरणीचें बियाणें निवडून वेगळ्या कणगींत भरतो, तिचें तोंड शेणमातीनें लिंपतो, आणि मग उरलेल्या धान्यांतून खाण्याचें व विकण्याचें ठरवितो. बियाणें आधीं काढावयाचें, दळण मागाहून. हा क्रम उलटा झाला तर मृगाच्या पावसांत कणगी रिकामी सांपडते. त्या वेळीं घरांतील बाईस कितीही दोष दिला तरी उपयोग नसतो. कारण दळणास धान्य घेतांना तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें कीं हें बियाणें आहे.

पवित्र शास्त्रांतही हाच क्रम दिसतो. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायांत योसेफ फारोला सल्ला देतो तो असा कीं, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा प्रथम बाजूस काढावा. खाऊन उरेल तें ठेवावें, असें तो म्हणत नाहीं. कर्नल सुरू होतांना स्मृति राखून ठेवण्याचें जें काम करतो, त्याचें सारें तत्त्व ह्या एका गोष्टींत सांठविलेलें आहे.

स्मृतीचा नकाशा

कोणती जागा राखावयाची हें कर्नलला कसें कळतें? त्यासाठीं फर्मवेअर त्याच्या हातीं एक नकाशा देतें. बायोसच्या काळापासून चालत आलेल्या नकाशास ई-८२० म्हणतात. बायोसला ज्या क्रमांकाची हांक मारून तो मागावयाचा, तोच क्रमांक त्याचें नांव होऊन बसला. क्यूएमू नांवाच्या आज्ञावलीनें २ गिगाबाइट स्मृतीचा एक काल्पनिक संगणक उभा केला असतां पुढील नकाशा मिळतो. आंकडे किलोबाइटचे आहेत.

० पासून ६३९ पर्यंत: वापरण्यास मोकळी.
६३९ पासून ६४० पर्यंत: राखीव. ही एका किलोबाइटची चिमुकली जागा बायोसच्या स्वतःच्या टिपणांची.
९६० पासून १,०२४ पर्यंत: राखीव. येथें बायोसच्या आज्ञा.
१,०२४ पासून २०,९७,०२४ पर्यंत: मोकळी.
२०,९७,०२४ पासून २०,९७,१५२ पर्यंत: राखीव. हे शेवटचे १२८ किलोबाइट.
ह्याशिवाय ४ गिगाबाइटच्या सीमेखालचे २५६ किलोबाइट: राखीव. तेथें रॅम नाहींच, फर्मवेअरची चिप आहे.

६४० ते ९६० हा पट्टा यादींत नाहीं हें चाणाक्ष वाचकांच्या लक्षांत आलें असेल. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्यांतील ८०८८ प्रोसेसरला पत्त्याच्या फक्त २० तारा होत्या. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६. म्हणजे एवढेच खण त्याला मोजतां येत. त्यांपैकीं खालचे ६४० किलोबाइट आज्ञावल्यांना दिले व वरचे ३८४ किलोबाइट पडदा, जोडपाट्या व बायोस ह्यांसाठीं ठेवले. तीं यंत्रें केव्हांच मोडीत गेलीं, पण त्यांनीं आंखलेली शींव ह्या घराण्यांतील यंत्रांवर आजही दिसते. गांव वाढतें, तरी जुन्या वेशीची जागा जशी ओळखूं येते, तसेंच हें आहे.

युईएफआयचा नकाशा अधिक तपशीलवार असतो. त्यांत जागांचे अनेक वर्ग असले तरी आपल्या कामापुरते चार सांगतों. पहिला वर्ग सर्वस्वीं मोकळ्या जागेचा. दुसरा, यंत्र सुरू होईपर्यंतच फर्मवेअरला लागणाऱ्या जागेचा; कारभार सोंपविल्यावर ही मोकळी होते. तिसरा, तक्त्यांच्या जागेचा. तक्ते वाचून झाल्यावर ती परत घेतां येते. चौथा, यंत्र चालू आहे तोंवर कधींही हात न लावण्याच्या जागेचा. मोबाइलमध्यें किंवा लहान संगणकपाट्यांवर पुष्कळदा असा नकाशा नसून डिव्हाइस ट्री नांवाची यंत्राची वंशावळ दिलेली असते, आणि तींत "राखीव स्मृति" अशी स्वतंत्र शाखा असते. नांवें निराळीं, काम तेंच.

राखण्याचा क्रम

आतां लिनक्सचा कर्नल काय करतो तें पाहूं. आरंभीं त्याच्यापाशीं स्मृति वांटण्याची कोणतीही मोठी व्यवस्था नसते. ती उभी करण्यासच स्मृति लागते! ही अडचण तो मेमब्लॉक नांवाच्या साध्या युक्तीनें सोडवितो. मेमब्लॉक म्हणजे दोन याद्या. एका यादींत यंत्रांत असलेली सर्व स्मृति, दुसरींत त्यांपैकीं राखून ठेवलेली. पहिलींत आहे पण दुसरींत नाहीं, तेवढीच जागा देण्यास मोकळी.

दुसऱ्या यादींत प्रथम कर्नल स्वतःस लिहितो. कारण तोही स्मृतींतच बसलेला असतो, आणि आपण बसलेली फांदी आपणच दुसऱ्यास देणें बरें नव्हे. नंतर सोबत आणलेली सुरुवातीची डिस्कप्रत, फर्मवेअरनें दिलेले तक्ते व इतर नाजूक जागा लिहिल्या जातात. ह्या नोंदी होईपर्यंत कोणासही एक खणसुद्धां द्यावयाचा नाहीं, हा कडक नियम आहे. शेवटीं उरलेली स्मृति ४,०९६ बाइटांच्या पानांत विभागून नेहमीच्या वांटपव्यवस्थेच्या स्वाधीन होते, आणि मग तुमचा चित्रांचा किंवा लेखनाचा कार्यक्रम चालूं लागतो.

राखणें हें फर्मवेअरसाठींच असतें असेंही नाहीं. कर्नल कोसळला तर त्या क्षणाचा पंचनामा करावयास दुसरा एक छोटा कर्नल आधींपासून राखलेल्या जागेंत तयार ठेवतां येतो. केडम्प नांवाची ही सोय २००५ सालीं लिनक्सच्या २.६.१३ ह्या आवृत्तींत आली आणि तिच्या बांधणींत आपल्या देशांतील अभियंत्यांचा मोठा हात होता. घराला आग लागल्यावर विहीर खणतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

नकाशा चुकला तर

येथवर सर्व सरळ आहे. खरी कसोटी पुढेंच आहे. फर्मवेअरनें नकाशांत एखादी जागा मोकळी म्हणून दाखविली, पण प्रत्यक्षांत तो स्वतःच ती वापरीत असेल तर?

असें घडतें. स्मृतीच्या आरंभींच्या भागांत अनेक बायोस न सांगतां लिहितात, हें लिनक्सच्या कर्त्यांस अनुभवानें कळून आलें. यंत्र झोंपेंतून उठतांना, किंबहुना पडद्याची तार जोडतांनासुद्धां, तेथील मजकूर बिघडे. कल्पना करा: तुमचा निबंध त्या जागेंत आहे, तुम्ही एक तार जोडतां, आणि निबंधाच्या मधल्या चार ओळी नाहींशा होतात. दोष तुमच्या हातून झालेला नाहीं, निबंधलेखनाच्या आज्ञावलीचाही नाहीं. तरी चूक तिच्याच माथीं येते. शिवाय ती तत्काळ दिसत नाहीं. दोन तासांनीं भलत्याच ठिकाणीं उघडकीस येते. अशा रोगाचें निदान करणें फार कठीण.

म्हणून प्रथम आरंभींचे ६४ किलोबाइट राखण्याची वहिवाट पडली. पुढें २०२१ सालीं, लिनक्सच्या ५.१३ ह्या आवृत्तीपासून, ह्या जातीच्या यंत्रांवर पहिला संपूर्ण १ मेगाबाइट नेहमींच राखावा असें ठरलें. नकाशा त्यांतील जागेस मोकळी म्हणो वा न म्हणो. तसेंच दुसरें उदाहरण २०११ चें. युईएफआयच्या नियमाप्रमाणें आरंभींच्या सेवांची जागा कारभार सोंपविल्यावर मोकळी व्हावयास पाहिजे. पण कांहीं फर्मवेअरें त्यानंतरही एकदां तेथें डोकावत. तेव्हां कर्नलनें ती जागा थोडा वेळ राखावी, फर्मवेअरचें तें शेवटचें काम उरकूं द्यावें आणि मगच ती परत घ्यावी, अशी तोड काढण्यांत आली.

एक मेगाबाइट वायां गेला म्हणून कोणी हळहळेल. ८ गिगाबाइटमध्यें ८,१९२ मेगाबाइट असतात. त्यांतील हा एक. तरी त्याला क्षुल्लक म्हणण्यापूर्वीं एक गोष्ट ऐका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक नांवाचा संगणक बांधण्यांत आला व तो १९६० सालीं काम करूं लागला. त्याच्या स्मृतींत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे सुमारें १० किलोबाइट. आज आपण सावधगिरीखातर जी जागा सोडून देतों, तींत तसल्या शंभर यंत्रांची स्मृति सामावेल. आपल्या वडीलधाऱ्यांनीं दहा किलोबाइटांत विज्ञानाचीं गणितें सोडविलीं, हें विसरूं नये.

नकाशा आणि प्रत्यक्ष

ह्या प्रकरणांतून निघणारा बोध आपल्या जिल्ह्यास परका नाहीं. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या कसलेलीं कितीतरी शेतें सरकारी दप्तरांत केवळ वन म्हणून नोंदलेलीं होतीं. शेत होतें, कसणारा होता, चूल पेटत होती. नोंद मात्र नव्हती. ज्याची नोंद नाहीं तें नाहींच, असें मानून कारभार चालला म्हणजे कोणावर काय प्रसंग येतो, हें येथील वृद्धांस विचारावें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें अशा वहिवाटीचे दावे ग्रामसभेपुढें मांडण्याची वाट करून दिली. ग्रामसभा कां? तर त्या उतारावर कोण राहतो हें दप्तराहून गांवास अधिक ठाऊक असतें म्हणून.

स्मृतीच्या खणांस दुःख होत नाहीं व माणसांस होतें, हा भेद मोठा आहे. त्याचा मला विसर पडलेला नाहीं. तथापि नियम एकच दिसतो. नकाशा करणाऱ्यानें प्रत्येक वहिवाट प्रामाणिकपणें नोंदवावी. आणि नकाशा वापरणाऱ्यानें, कोरी दिसणारी जागा खरोखर कोरी आहे काय, ह्याची खात्री करून मगच तींत पाऊल टाकावें. लेवीयच्या १९ व्या अध्यायांत शेताचे कोपरे कापूं नयेत, ते गरीब व परका ह्यांच्यासाठीं सोडावेत, अशी आज्ञा आहे. ज्याचें नांव आपल्या वहींत नाहीं त्याच्यासाठींही जागा सोडण्याची ती शिकवण होय.

हिशेब

आतां आपल्या वादाकडे वळूं. ८ गिगाबाइटमधील ०.४ गेले कोठें? आम्हीं वर्गांत यंत्राच्या आरंभींच्या नोंदी उघडून वाचल्या. चित्राच्या भागानें घेतलेला वांटा सांपडला, फर्मवेअरच्या राखीव जागा सांपडल्या, कर्नलची स्वतःची जागा सांपडली. आणखी एक वांटा मुलांनीं स्वतः गुणाकार करून काढला. कर्नल प्रत्येक पानासाठीं सामान्यतः ६४ बाइटांची एक नोंद ठेवतो. ८ गिगाबाइटचीं पानें २०,९७,१५२. त्यांस ६४ नीं गुणिलें असतां १३,४२,१७,७२८ बाइट, म्हणजे बरोबर १२८ मेगाबाइट होतात. नुसत्या नोंदवहीची ही जागा! जमीन मोजावयाची तर मोजणीच्या वहीलाही कपाट लागतेंच.

दुकानदार निर्दोष ठरला. ज्यांनीं प्रथम आरोप केला होता, त्यांतील एकानें दुसऱ्या दिवशीं, कोणीं न सांगतां, फळ्यावर हा सर्व हिशेब सुबक अक्षरांत लिहून काढला. त्या मुलास मीं शाबासकी दिली. कारण चूक उमगल्यावर ती उघडपणें दुरुस्त करणें हें पुष्कळ मोठ्या माणसांनाही जमत नाहीं.

एक सावधानतेची सूचना करून लेख संपवितों. पेनड्राइव्हवर छापलेल्या मापापेक्षां कमी जागा दिसते, तिचें कारण बहुतांशीं वेगळें आहे. तेथें कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो व संगणक पुष्कळदा १,०२४ च्या पटीनें. तेव्हां एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्यास डोळे मिटून चिकटवूं नका. प्रत्येक ठिकाणीं स्वतः नकाशा उघडा व मोजा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ४ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रांत ४,०९६ बाइटांचीं पानें किती? प्रत्येकीं ६४ बाइट धरल्यास त्यांच्या नोंदवहीस किती जागा लागेल?

२. राखीव जागांची यादी पूर्ण होण्यापूर्वींच कर्नलनें कोणास स्मृति दिली, तर कोणकोणते अनर्थ संभवतात? बियाण्याच्या कणगीचें उदाहरण घेऊन लिहा.

३. तुमच्या गांवचा नकाशा व प्रत्यक्ष गांव ह्यांत कोठें फरक आढळतो काय? घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहून आणा.